भिंगरीचे हात

आमच्या गल्लीत नवीन माणूस आलं की त्याला लगेच टोपणनाव मिळतं, आणि मग त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरतं. मला बटणवाली म्हणतात. माझ्या दुकानात बटणं, चेन, लेस, इलॅस्टिक आणि बातम्या मिळतात. बातम्यांवर मी आजवर कधी नफा घेतलेला नाही. समोरच्या दुकानात सोफे आणि खुर्च्या दुरुस्त होतात. ते चालवते खिळेताई. पन्नाशीची, काटक, मान कायम एका बाजूला कललेली आणि तोंडात बारीक खिळे. हौस नव्हे, कामाची पद्धत. एका हाताने कापड ओढून धरायचं, जिभेने एक खिळा ओठांत आणायचा, दुसऱ्या हातातल्या चुंबकी हातोडीच्या टोकाला तो चिकटवायचा आणि ठक्! हात मोकळे राहतात, तोंड मात्र बांधलेलं. त्यामुळे खिळेताई दिवसभरात जे बोलते ते 'म्म्ह' एवढंच असतं. हो, नाही, चहा सांग की चालती हो, ते आपलं आपण ओळखायचं.

बोलायचं आहे ते भिंगरीबद्दल.

ती संस्थेतली. संस्था म्हणजे गल्लीच्या टोकाची लांबोडी पिवळट इमारत. आईवडील नसलेली मुलं तिथे वाढतात. भिंगरीला कोणीतरी त्या फाटकाच्या आत ठेवून गेलं, तेव्हा तिला मानही धरता येत नव्हती. कोणीतरी म्हणजे आईच, असं भिंगरीचं म्हणणं. माझं यावर काहीच म्हणणं नाही, आणि माझं काही म्हणणं नसलेली गोष्ट गल्लीत शोधून सापडायची नाही.

संस्थेत अठरा पूर्ण झाली की खोली सोडावी लागते. त्याआधी मुलांनी काहीतरी काम शिकावं म्हणून तिथल्या मोठ्या बाई त्यांना आसपासच्या दुकानांत पाठवतात. बाकीची मुलं एक दुकान धरतात आणि चिकटतात. ही पोरगी मात्र पायाला भिंगरी लावल्यासारखी. आज बेकरीत, पुढच्या महिन्यात सायकलवाल्याकडे, मग पार्लरमध्ये, मग पुस्तकं बांधणाऱ्याकडे. बरं, कामात ढ म्हणावं तर तसंही नाही. बेकरीवाला तर रडकुंडीला आला होता. "काकू, चांगली शिकत होती हो! एक दिवस पाव करपले, तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तिला फसवलं, आणि एप्रन काढून गेली."

पार्लरमधून मात्र तिला काढलं. तिथे पहिल्याच दिवशी तिने डोळे मिटून एका बाईची भुवई कोरली. ती बाई नंतर महिनाभर आश्चर्यचकित दिसत होती, तेही एकाच बाजूने.

डोळे मिटून का, हे कोणालाच कळेना. मलाही कळलं नाही, आणि मला न कळलेली गोष्ट असली की माझ्या पोटात दुखायला लागतं. म्हणून मी मोठ्या बाईंना निरोप पाठवला की पोरीला माझ्याकडे पाठवा, बटणं निवडायला मला माणूस हवंय. माणूस नको होतं. बातमी हवी होती.

ती आली. बटणांचा डबा समोर ठेवला. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत बटणांत घातले, डोळे मिटले आणि गप्प उभी राहिली. मी म्हटलं, झोप येतेय की काय हिला?

"काय गं, देव आठवतेस?"

"थांबा काकू. हातांना आठवतंय का बघते."

"काय आठवतंय?"

"आईचं काम."

मग दोन दिवसांत मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. लहानपणी संस्थेत एक पाहुणे आले होते. कोणी मोठे गृहस्थ, दोन गोड शब्द बोलायला येतात ना, तसे. तिथल्या एका मुलाने गाणं म्हटलं, तर हे म्हणाले, वा, गळा रक्तातच असतो, याचे आईवडील नक्की गाणारे असणार. झालं! सगळ्या मुलांच्या डोक्यात एकदम दिवा लागला. भिंगरीने तेव्हाच ठरवलं की आपल्याही रक्तात काहीतरी असणारच. गळा नाही, पाठांतर नाही, म्हणजे हातात असेल. आईचं जे काम असेल त्यात हात घातला की हात आपोआप चालायला लागतील. पहिल्या फटक्यात, न शिकवता, न चुकता. चूक झाली की समजायचं, हे आपलं घर नव्हे. उठायचं, पुढे निघायचं.

ज्याच्या घरी आईबाप आहेत त्याला असली अक्कल सुचायची नाही. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि मला आजही घड्याळाचा पट्टा बदलता येत नाही. पण हे मला माहीत आहे, कारण मी वडिलांच्या शेजारी बसून घड्याळ बिघडवलंय. तिने कोणाच्या शेजारी बसून काय बिघडवायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने काळ्या बटणांत निळी टाकली. डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "काकू, माझी आई बटणवाली नव्हती."

"बरं झालं," मी म्हटलं, "नाहीतर आमच्या ह्यांना घरी बरीच उत्तरं द्यावी लागली असती."

ती हसली नाही. आमचे हे आत चहा पीत होते, त्यांना मात्र ठसका लागला.

तिथून ती सरळ समोर गेली, खिळेताईकडे. वाटलं, आठवडाभर फार तर. खिळेताई काही गोड बोलणारी नाही. पहिल्याच दिवशी तिने भिंगरीला जुना आरामखुर्चीचा सांगाडा दिला आणि खिळे उपटायचा चिमटा दिला. "म्म्ह," म्हणाली. म्हणजे उपट. पोरीने डोळे मिटले तशी हातोडीचा दांडा टेबलावर आपटला. "डोळे उघड. बोट जाईल." त्यासाठी तिने खिळे थुंकले, यावरून ओळखा.

आणि मग काय झालं देव जाणे, पोरगी टिकली. चुका करत होती हं, भरपूर. तागाच्या पट्ट्या सैल ताणल्या, स्प्रिंगा बांधताना सुतळीची गाठ उलटी मारली, एका बाईंच्या स्टुलावर फुलांचं कापड डोकं खाली पाय वर लावलं. दर चुकीला मी दुकानाच्या दारात येऊन उभी राहायचे, की आता निघते. पण खिळेताई बोलायचीच नाही. तोंडात खिळे. चूक दाखवायची म्हणजे तिथे बोट ठेवायचं, आणि चिमटा पुढे करायचा. ओरडा नाही, शाबासकी नाही. भिंगरी उपटायची आणि पुन्हा करायची. मला वाटतं, 'हे तुझ्या हातात नाही' असं कोणी तोंडाने म्हटल्याशिवाय तिला निघायला कारणच सापडत नव्हतं.

तिला एकच चैन होती. सोफ्याच्या पोटातून निघालेल्या वस्तू. कंगवे, पेन्सिली, कानातलं, एकदा तर कवळी! ज्या घरची ती होती तिथल्या सुनेवर सासऱ्याने कवळी फेकून दिल्याचा आळ घेतला होता. खिळेताईने भिंगरीला ती परत द्यायला पाठवलं, तर सून तिच्या गळ्यातच पडली. त्या दिवशी भिंगरी गल्लीतून अशी चालत आली जशी काही तिनेच ते दात उगवून दिले होते.

उन्हाळा सरता सरता तिचाही रंग बदलला. तोंडात खिळे धरायला शिकली. मान एका बाजूला. कोणी काही विचारलं की 'म्म्ह'. मी मनात म्हणायचे, घ्या, गल्लीत एक बोलणारी कमी झाली. मोठ्याने मात्र काही बोलले नाही. जीभ चावून धरली होती, खोटं नाही सांगत. आमच्या ह्यांना विचारा, जेवताना लागत होती.

तिला अठरा पूर्ण व्हायला थोडे दिवस उरले तेव्हा मोठ्या बाई खिळेताईकडे आल्या. त्यांच्याकडे मुलीसाठी एक जागा होती, दूरच्या शहरात बायकांचं वसतिगृह आणि डबे पॅक करण्याच्या कारखान्यात काम. तिथे न पाठवता ठेवायची असेल तर तिला राहायला खोली आणि कायमचं काम लागेल. खिळेताईने दुकानाच्या माळ्यावरचा फोमचा पसारा आधीच हलवला होता. खिडकी पुसली होती. मला पत्ता नव्हता! समोरासमोर राहून! महिनाभर मी तिच्याशी अबोला धरणार होते, पण संध्याकाळपर्यंत धीर निघाला नाही.

भिंगरी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "बघते," म्हणाली. मोठ्या बाईंनी शनिवारपर्यंत कळवायला सांगितलं. आता सगळ्या गल्लीचं लक्ष तिकडे. राहते की जाते? बेकरीवाला म्हणाला जाते. सायकलवाला म्हणाला जाते. आमचे हे म्हणाले, "तुम्ही बायका तिला जगू द्या." ते नेहमी असंच काहीतरी बोलतात आणि मग हळूच विचारतात, "काय झालं गं तिचं?"

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा लांब सोफा आला होता. पट्ट्यापट्ट्यांचं कापड. पट्ट्यांचं कापड म्हणजे सोफेवाल्यांची परीक्षा, एक पट्टी जरा तिरकी गेली की सगळा सोफा तिरका दिसतो. मी कापडाने मढवलेली बटणं द्यायला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, ऐकीव नाही. सोफ्याच्या एका टोकाला खिळेताई, दुसऱ्या टोकाला भिंगरी. दोघींच्या तोंडात खिळे. दोघींची मान उजवीकडे. डॉक्टरीणबाई काम कुठवर आलं ते बघायला आत आल्या, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि टाळी वाजवली.

"अय्या, मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय हो! तीच मान, तोच तोरा. मला माहीतच नव्हतं तुम्हाला एवढी मोठी मुलगी आहे!"

भिंगरीचा हात थांबला. तिने खिळेताईकडे पाहिलं. मीही पाहिलं. दुकानातला कापूससुद्धा बघत असणार.

खिळेताई म्हणाली, "म्म्ह."

आणि हातोडी मारली. ठक्.

डॉक्टरीणबाई आणखी काहीबाही बोलून गेल्या, आपल्या धाकट्याचं नाक कोणावर गेलंय वगैरे. त्या बाहेर पडल्या तशी भिंगरीने ओंजळीत खिळे थुंकले, नीट डब्यात ठेवले, हात पुसले आणि माळ्यावर गेली. तिथे तिने हळूहळू आणून ठेवलेले कपडे होते. ते पिशवीत भरून खाली आली आणि आम्हा दोघींच्या मधून बाहेर पडली.

"अगं ए," मी म्हटलं, "कुठे?"

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? मोठ्या बाईंना सांगते, जाते म्हणून."

पण संस्थेत मोठ्या बाई नव्हत्या, कुठल्याशा बैठकीला गेलेल्या. म्हणून पोरगी परत आली आणि माझ्याच पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. समोर खिळेताई. दोघींच्या मध्ये फक्त रस्ता.

मी रस्ता ओलांडला. "तू 'नाही' असं का म्हणाली नाहीस?"

खिळेताईने तोंडाकडे बोट दाखवलं. खिळे.

"ते रोजच असतात! मालाच्या गाडीवाल्याने परवा फोम भिजवला तेव्हा कसे पटकन थुंकलेस? आणि केवढ्या शिव्या घातल्यास!"

तिने बराच वेळ पट्टी ताणली, सोडली, ताणली. मग खिळे हातात घेतले. "थुंकता आले असते," म्हणाली. "नाही थुंकले. एकदा ऐकून बघितलं कसं वाटतं ते. त्यात एवढं काय?"

आता मी तिला पंचवीस वर्षं ओळखते. नवरा गेल्यावर त्याचं दुकान हिने पुस्तकं आणि शिव्या यांच्या जोरावर शिकून घेतलं. वडील बँडमध्ये ढोल वाजवायचे आणि हिला दोन टाळ्या तालात देता येत नाहीत. एवढं बोलणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

परत पायरीवर आले. तोवर तिथे थापाड्या आला होता. हाही संस्थेतला, भिंगरीच्याच वयाचा, कोपऱ्यावर टायर पंक्चरचं काम करतो. याला दर आठवड्याला नवा बाप असतो. कधी विमान चालवणारा, कधी कुस्तीगीर, एकदा तर वाघ पाळणारा होता. तो फार दिवस टिकला नाही, वाघाने खाल्ला. भिंगरी थापा मारत नाही, थापाड्या शोध घेत नाही, दोघांचं त्यावरून कायम वाजतं.

"चाललीस?" त्याने विचारलं.

"हो."

"का?"

"ती मला मुलगी म्हणाली."

"ती कुठे म्हणाली? गिऱ्हाईक म्हणालं."

"तिने नाही म्हटलं नाही."

थापाड्याने डोकं खाजवलं. "मग काय वाईट आहे? मला दर आठवड्याला नवा बाप बनवावा लागतो, तुला बसल्या जागी आई चालून आली."

"मला चालून आलेली नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बेकरीवाल्याने मान बाहेर काढली. मी त्याला हातानेच आत घातलं. मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही कोणावर गेलात?"

"मी? जीभ आत्याची. गुडघे वडिलांचे, दोन्ही दुखरे."

"बघा! तुम्हाला गुडघ्यांचासुद्धा मालक माहीत आहे. मला आईची एकच गोष्ट माहीत आहे. ती थांबली नाही. नाक माहीत नाही, आवाज माहीत नाही, काय काम करायची ते माहीत नाही. मला ठेवलं आणि निघाली, एवढंच. मी कुठूनही निघाले ना, बेकरीतून, पार्लरमधून, की पायरी उतरताना मला वाटतं, अशीच उतरली असेल. तेवढ्यापुरती मी तिच्यासारखी असते. आणि आता इथे सहा-सात महिने बसले, मान वाकडी झाली, म्म्ह म्म्ह करायला लागले. रस्त्यावरचं कोणीही येऊन सांगतं, हिच्यावर गेलीय. म्हणजे माणूस कोणावरही जातो? नुसतं शेजारी बसून? मग आईचं माझ्यात होतं काय? काहीच नव्हतं?"

मला वडिलांच्या घड्याळांची गोष्ट सांगायची होती, खिळेताईच्या ढोलाची सांगायची होती. पण ती 'तुम्हाला वडील काय करायचे ते माहीत तरी आहे' म्हणाली असती, आणि बरोबर म्हणाली असती.

थापाड्या हातावरचं काळं पुसत बसला होता. "मी एक सांगू?" म्हणाला. "माझे सगळे बाप मी सोडलेत. एकानेही मला सोडलेलं नाही. म्हणून मला ते बरं पडतं."

"ते खोटे आहेत."

"हो ना. तुझं ते पायरी उतरणं तरी कुठे खरं आहे? ती पळत गेली असेल. रडत रडत, मागे बघत गेली असेल. परत येऊन फाटकाशी उभी राहिली असेल. तुला काय माहीत? तू तुझी चाल तिला लावलीस, जसे मी माझ्या बापाला स्नायू लावतो."

भिंगरीने पिशवी त्याच्या पाठीत घातली. चांगली जोरात. पण उठून गेली नाही. तोही गेला नाही, जरा लांब सरकून बसला.

समोर खिळेताईने एकटीने काम धरलं होतं. डॉक्टरीणबाईंचा सोफा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि त्या लांबीचं कापड एकट्या माणसाला लावताच येत नाही. एकाने मागून ओढायचं, पट्ट्या सरळ आहेत का ते हाताने चाचपायचं, दुसऱ्याने खिळा मारायचा. खिळेताई मागे जाऊन ओढायची, पुढे धावत यायची, तोवर पट्टी सरकायची. मग उपटायची. पुन्हा मागे. तिला मदतीला बोलवणं ठाऊक नाही आणि मला खिळा मारणं ठाऊक नाही, नाहीतर मीच गेले असते. खरं म्हणजे इथून दिसत छान होतं.

भिंगरी बघत होती. बघत नाही असं दाखवत बघत होती. आधी पाय हलायला लागला. मग पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली.

"कडेने सुरू केलंय," ती पुटपुटली.

"काय?"

"पहिला खिळा मधे मारायचा असतो. मग दोन्हीकडे. कडेने कशाला... अहो, तो कोपरा आत गेला!"

"जाऊ दे ना, तू चाललीयेस," थापाड्या म्हणाला.

"मी चाललेच आहे." तिने मान आणखी लांब केली. "डावीकडे! डावीकडे ओढा ना!"

आणि तिचे दोन्ही हात पुढे आले. मांडीवरची पिशवी खाली पडली तरी तिला कळलं नाही. एका हाताचा तळवा हवेत सपाट फिरला, पट्टी चाचपल्यासारखा, दुसऱ्याची बोटं वळली आणि हिसका देऊन खाली ओढलं. मुठीत काहीच नव्हतं. पुन्हा ओढलं. तिने डोळे मिटले नव्हते, ते तर समोर लागले होते, हातांकडे तिचं लक्षही नव्हतं. थापाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले, की बोललास तर बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला गप्प बसवलं आणि स्वतःही बसले.

मग तिने खाली पाहिलं. हात तसेच हवेत. ते तिने बघितले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद नव्हता. कोणीतरी आपल्या खोलीत न विचारता राहून गेलंय असं कळल्यावर होतो तसा चेहरा.

"काकू, पिशवी बघा," म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

दारातूनच तिचा आवाज आला. "मी परत आलेली नाही. हे तिरकं झालंय ते सरळ करते आणि जाते."

"म्म्ह."

"आणि ते म्म्ह बंद करा! मी तुमची मुलगी नाही."

खिळेताईने खिळे तळहातावर घेतले. "नाहीसच. मी म्हटलं का तसं?"

"नाही म्हटलं नाहीत!"

"चुकलं. आता ओढ."

"कडेने का सुरू केलंत?"

"मधे धरायला कोणी नव्हतं म्हणून. ओढतेस की भांडतेस?"

दोन्ही करत होती. संध्याकाळपर्यंत आम्हाला समोरून ठक् आणि भांडण, ठक् आणि भांडण ऐकू येत होतं. खिळेताई एवढी बोलली की दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. पिशवी माझ्या काउंटरखाली राहिली. आमच्या ह्यांनी विचारलं ही कोणाची, तर मी म्हटलं, गप्प बसा, परत मागितली तर द्यायची, नाही मागितली तर हलवायची नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई सोफा न्यायला आल्या. पट्ट्या अशा सरळ की त्यावरून टांगा नेला असता. त्यांनी हात फिरवला. "मायलेकींनी कमाल केली हो!"

मी मुद्दाम कोऱ्या लेसचं बंडल घेऊन तिथे गेले होते, ज्याची कोणालाही गरज नव्हती. भिंगरीने तोंडातले खिळे एकेक करून हातात काढले. घाई केली नाही. सगळे काढले.

"मी यांची मुलगी नाही," म्हणाली. "माझी आई कोण ते मला माहीत नाही. मान मी इथेच शिकले. सोफ्याची पाठ माझी, बैठक यांची."

डॉक्टरीणबाईंना कुठे बघावं कळेना. "अगं, मी आपलं सहज... वाईट वाटलं का?"

"वाटलं होतं. आता सांगितलं." आणि तिने खिळे परत तोंडात टाकले.

डॉक्टरीणबाई पाठीला हात लावत म्हणाल्या, "पाठ फार सुरेख झालीय." खिळेताई खिडकीकडे तोंड करून चिमटा पुसत होती, जो स्वच्छच होता.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. आपल्याबरोबर त्यांनी त्या दूरच्या वसतिगृहाच्या गाडीची वेळसुद्धा विचारून आणली होती, त्या फार व्यवस्थित आहेत. दुकानात एक आरामखुर्ची उलटी पडलेली, भिंगरी तिच्या पोटात डोकं घालून बसलेली, फक्त पाय बाहेर. एक पाय हलत होता. तो पाय आजही हलतो. ती झोपेतही हलवत असणार. दुपारी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची खोड तशीच आहे, कधी कधी टोकाशी बराच वेळ उभी राहते, आणि खिळेताई तेवढा वेळ हातोडी मारत नाही. हे मी काय, सगळी गल्ली बघते.

"मग बाळ," मोठ्या बाई म्हणाल्या, "ठरलं का? इथे कायमची राहणार?"

खुर्चीच्या आतून आवाज आला. "कायमचं मला विचारू नका."

"अगं, मला काहीतरी कळवावं लागेल ना."

पाय थांबला. मी दारात उभी होते, लेसचं बंडल हातात. खिळेताईने ओठांवर आलेला खिळा परत आत घेतला.

"सोमवारचं विचारा," भिंगरी म्हणाली. "सोमवारी आहे मी. दोन खुर्च्या यायच्यात."

खिळेताईने खिळे थुंकले.

"तीन," ती म्हणाली.